न झालेला काला : थांबलेली मालिका आणि तिचा प्रेक्षकसमुदाय

१

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली आणि ७९ भागांनंतर, १९६९ साली, तिच्या वाहिनीने ती बंद केली. ती बंद होणार अशी कुणकुण १९६७-६८ मध्येच लागली होती. तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला आणखी एका हंगामाचे आयुष्य मिळवून दिले होते. पुढे तोही उपाय थकला. त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी, जानेवारी १९७२ मध्ये, न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात शनिवार-रविवारला जोडून या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरला. आयोजकांचा अंदाज काही शे माणसांचा होता. प्रत्यक्षात काही हजार आली. मालिकेचा नवा भाग तेथे दाखवला जाणार नव्हता. जुने भाग तर पुनःप्रक्षेपणात घरबसल्या दिसतच होते. मग ही माणसे नेमकी कशासाठी जमली?

हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा वाटतो आणि म्हणून साहित्यसमीक्षक तो सहज बाजूला सारतो. परंतु कथनाचा शेवट, शेवटाचा अधिकार आणि शेवटानंतरचा आस्वादक हे तिन्ही विषय समीक्षेचेच आहेत. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मला न्यूयॉर्कपासून फार दूर, पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आणून तपासायचा आहे. या परिसरात मी मराठीचे अध्यापन करते. येथे घरोघरी मालिका पाहिल्या जातात, त्यांच्यावर बोलले जाते, त्या बंद पडल्या की हळहळही व्यक्त होते. मात्र बंद पडलेल्या मालिकेसाठी माणसे दोन दिवस एकत्र आली, असे माझ्या पाहण्यात नाही. वस्तुतः जमणे या गोष्टीची येथे वाण नाही. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात, तमाशाचे फड उभे राहतात, बैलगाड्यांचे घाट माणसांनी फुलतात, आणि अखंड हरिनाम सप्ताह तर बहुतेक गावांत होतो. जमण्याची एवढी सवय असलेला हा समाज मालिकेसाठीच का जमत नाही? आणि ज्यांना ही सवय राहिलेली नाही त्यांना मालिकेसाठी मुद्दाम का जमावे लागते? हे दोन प्रश्न एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, असे मला वाटते.

२

क्रमशः येणाऱ्या कथनाचा विचार वाचककेंद्री समीक्षेने काही प्रमाणात केला आहे. वोल्फगांग इझर यांनी एकोणिसाव्या शतकातील क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीसंबंधी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे : तीच कादंबरी पुस्तकरूपात वाचण्यापेक्षा हप्त्याहप्त्याने वाचणे वाचकांना अधिक रुचत असे. याचे कारण त्यांच्या मते दोन हप्त्यांमधील सक्तीच्या खंडात आहे. कथन थांबते तेथे वाचकाची कल्पकता कामाला लागते आणि तो संहितेतील रिक्त जागा स्वतःच्या अनुभवाने भरू लागतो. हा विचार पुढे नेला तर असे म्हणता येईल की, बंद पडलेली मालिका म्हणजे कधीच न भरणारा खंड होय. शेवटची रिक्त जागा लेखक भरणार नाही, हे प्रेक्षकाला कळून चुकलेले असते.

परंतु इझर यांचा वाचक एकटा आहे. तो आपल्या खोलीत बसून रिक्त जागा भरतो. याऊस यांच्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'मागे पिढीचा आणि काळाचा सामूहिक संदर्भ आहे खरा. पण ते क्षितिज धारण करणारी माणसे एकमेकांच्या शेजारी बसलेली असतील, हे त्या संकल्पनेत गृहीत नाही. शेजारी बसण्याचा विचार आपल्याला वॉल्टर बेन्यामिन यांच्या १९३६ मधील कथेकऱ्यावरील निबंधात सापडतो. गोष्ट ऐकणारा माणूस गोष्ट सांगणाऱ्याच्या सोबतीत असतो, कादंबरी वाचणारा माणूस मात्र इतर कोणत्याही वाचकापेक्षा एकाकी असतो, हे त्या निबंधातील एक मध्यवर्ती सूत्र आहे.

दूरचित्रवाणी मालिकेला या दोहोंमध्ये कोठे बसवायचे? तिची कथनपद्धती कथेकऱ्याच्या जवळची आहे : रोज ठरल्या वेळी येणारी, पुनरावृत्तीला न लाजणारी, पाल्हाळात रमणारी. तिची आस्वादपद्धती मात्र कादंबरीच्या जवळची आहे, कारण ती घरात, दाराआड घेतली जाते. एकाच क्षणी लक्षावधी घरांत तेच दृश्य पाहिले जाते आणि प्रत्येक घराला इतर घरांची जाणीव असते, पण सहवास नसतो. वृत्तपत्रवाचनासंबंधी बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ साली मांडलेली एकांतातल्या सामूहिक विधीची कल्पना येथे तंतोतंत लागू पडते. मालिका माणसांना एकत्र आणल्याचा प्रत्यय देते आणि प्रत्यक्षात त्यांना आपापल्या घरी बसवते. तिच्या आस्वादातील हे मूलभूत न्यून आहे आणि मेळाव्याचे मूळ या न्यूनातच शोधले पाहिजे.

३

आता नारायणगावाकडे वळू. मीना नदीकाठचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे जुन्नर तालुक्यातील गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. २००२ साली त्यांचे निधन येथेच झाले आणि तमाशाक्षेत्रातील जीवनगौरवासाठी राज्य शासन देत असलेला पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यातील फड येथे आपापल्या राहुट्या उभारतात. गावोगावचे कारभारी, यात्रा कमिटीची माणसे राहुट्यांमधून फिरतात, कोणत्या फडाकडे कोणता वग आहे याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि यात्रेच्या तारखेची सुपारी देतात. एका अर्थी हा बाजार आहे. पण साहित्यव्यवहाराच्या दृष्टीने पाहिल्यास येथे एक विलक्षण गोष्ट घडते : प्रयोग होण्याआधी प्रेक्षक जमतो. संहिता ठरण्याच्या आधी समुदाय ठरलेला असतो, आणि कोणता प्रयोग आपल्या वेशीत यावा हे तो समुदाय वर्गणी गोळा करून स्वतः ठरवतो.

प्रयोगाच्या रचनेतही या जमावाला जागा आहे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग हा क्रम म्हणजे प्रेक्षकाला टप्प्याटप्प्याने कथनापर्यंत आणण्याची पद्धत होय. सोंगाड्या गावातील ताज्या घटनेवर कोटी करतो, म्हणजे त्या रात्रीपुरती संहिता त्या गावाची होते. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या भागातील यात्रांच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी 'हजेरी' असते. रात्री खेळलेला फडच सकाळी गावापुढे पुन्हा हजर होतो. लावण्या होतात, फर्माइशी होतात, आदल्या रात्रीची चर्चा होते आणि मग दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. प्रयोग संपला तरी प्रयोगाचा आणि गावाचा संबंध लगेच तुटत नाही. त्याला एक उतरण दिलेली असते.

या दृष्टीने पाहता न्यूयॉर्कच्या त्या मेळाव्याचे स्वरूप उलगडू लागते. प्रयोगापूर्वीची राहुटी आणि प्रयोगानंतरची हजेरी, या दोन्हींना दूरचित्रवाणीत स्थान नाही. मालिका सुरू करताना प्रेक्षकाला कोणी विचारत नाही. ती चालू ठेवायची की नाही हे निवडक घरांत बसवलेल्या मापनयंत्रांच्या आकड्यांवर ठरते. आपल्याकडे २०१५ पासून हे मापन बार्क या संस्थेमार्फत होते. उरलेल्या कोट्यवधी घरांचे पाहणे त्या गणितात प्रत्यक्ष उतरतच नाही. ज्याने सुपारी दिली नाही त्याला सुपारी मोडल्याची तक्रारही करता येत नाही. शनिवार-रविवारचा मेळावा म्हणजे या प्रेक्षकाने उशिरा, मालिका मेल्यानंतर, स्वतःच भरवलेली राहुटी आणि स्वतःच घेतलेली हजेरी होय.

४

२०२० सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत या परिसराने दोन थांबणी अनुभवली. ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले थांबणे 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेचे. २४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेली ही मालिका २९ फेब्रुवारी २०२० रोजी, एका शनिवारी, संपली. ती अर्धवट बंद पडली नव्हती. संभाजीराजांच्या बलिदानापर्यंत जाऊन ती थांबली. शेवट काय होणार हे पहिल्या भागापासून सर्वांना ठाऊक होते. प्रश्न उरला होता तो तो शेवट कितपत दाखवायचा याचा, आणि अखेरच्या आठवड्यांत त्यावर जाहीर चर्चाही झाली. या भागात त्या मालिकेला एक वेगळे परिमाण होते. तिचे नायक अमोल कोल्हे हे नारायणगावचे, आणि मालिका चालू असतानाच, मे २०१९ मध्ये, ते शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. त्या निवडणुकीची राजकीय कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, पडद्यावरील नायकाला प्रत्यक्ष पाहण्यासाठी प्रेक्षक जमतो तेव्हा ते जमणे बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी मंचासमोरचे असते. १९९१ साली 'रामायण' मालिकेतील सीता आणि रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, गुजरातमधून लोकसभेवर गेले, तेव्हाही हेच दिसले. अशा सभेत प्रेक्षक जमतो, पण प्रेक्षक म्हणून एकमेकांकडे तोंड करून बसत नाही.

दुसरे थांबणे तमाशाचे. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. राहुट्यांचा हंगाम जेथे फुलायचा तेथेच तो तुटला. यात्रा रद्द झाल्या, सुपाऱ्या बुडाल्या. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि त्याच सुमारास राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. सलग दोन हंगाम गेल्यावर हातावर पोट असलेल्या कलावंतांची जी दैना झाली, तिच्यापुढे प्रेक्षकाच्या विरहाची भाषा करणे थिटे वाटते. परंतु एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले आणि पाडव्याला राहुट्या पुन्हा उभ्या राहिल्या. बैलगाडा शर्यतींची गोष्टही अशीच आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. प्राण्यांच्या छळाचा आक्षेप मला गंभीर वाटतो. तरी मधली साडेसात वर्षे ओलांडून घाट पुन्हा भरले, ही वस्तुस्थिती या लेखाच्या दृष्टीने बोलकी आहे.

दोन थांबण्यांतील भेद आता स्पष्ट व्हावा. मालिका व्यवस्थित शेवटापर्यंत गेली आणि तिचा प्रेक्षक विखुरला. तमाशा मध्येच तुटला आणि त्याचा प्रेक्षक पुन्हा जमला. म्हणजे पुन्हा जमणे हे संहिता पूर्ण की अपूर्ण यावर अवलंबून नाही. ज्या प्रयोगाचा समुदाय प्रयोगाआधी अस्तित्वात असतो, तो प्रयोग थांबला तरी समुदाय उरतो. ज्या संहितेचा समुदाय तिच्या प्रक्षेपणापुरता असतो, त्या समुदायाला संहिता संपल्यावर आपले अस्तित्व मुद्दाम सिद्ध करावे लागते. चाहत्यांचा मेळावा हे असे सिद्ध करणे आहे.

५

येथवर आलेली मांडणी नीटस आहे आणि म्हणूनच ती मला संशयास्पद वाटते. राहुटी आणि हजेरी यांचे जे कौतुक वर केले, त्यात एक मोठी गफलत आहे. ज्या 'गावा'ने सुपारी दिली आणि ज्या 'समुदाया'ने हजेरी घेतली, ते कोण होते?

यात्रेतील तमाशाचा प्रेक्षक बहुतांशी पुरुष असे. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, यात्रेच्या रात्री आमच्या घरातील बायका पाहुण्यांच्या पुरणपोळीची भांडी घासून अंगणात बसत. ढोलकीचा आवाज तेथपर्यंत पोचे. वग पोचत नसे. कोणी राजा होता, त्याची राणी कोणी पळवली, शेवटी कोण मेले, हे दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळे आणि आई-मावश्या ते तुकडे जोडून आपला एक वग तयार करीत. वर्गणी घराची होती आणि प्रेक्षकत्व मात्र पुरुषांचे होते. फडावर नाचणारी-गाणारी स्त्री आणि अंगणात बसलेली स्त्री, दोघी मिळून त्या रात्रीचा भार वाहत आणि दोघींनाही प्रेक्षकांत जागा नव्हती. शिवाय फडावरचे कलावंत प्रामुख्याने ज्या जातींतून आले आणि सुपारी देणारे हात ज्या जातींचे होते, ते पाहिले की समुदायाच्या अधिकाराचे आपले गोडवे जरा आवरते घ्यावे लागतात.

या पार्श्वभूमीवर मालिकेकडे पुन्हा पाहिले पाहिजे. घरात आलेल्या दूरचित्रवाणी संचाने आमच्या अंगणातील बायकांना प्रथमच कथनासमोर, मध्यस्थावाचून, रोज बसवले. स्वयंपाक आटोपता आटोपता, लसूण सोलता सोलता का होईना, ते पाहणे त्यांचे होते. मालिकांतील सासू-सुनांच्या कथनाची आपण समीक्षक टर उडवतो. त्या टरेत कलामूल्याचा विचार किती आणि बायकांच्या रिकाम्या वेळाविषयीची जुनी असूया किती, हे एकदा तपासायला हवे. ज्या मालिकेला बार्कच्या आकड्यांनी मोडीत काढले ती एखाद्या आंबेगावकर गृहिणीच्या दिवसातील कदाचित एकमेव स्वतःची अर्धी घटका असेल. तिच्यासाठी मालिकेचे बंद होणे ही साधी गोष्ट नाही.

आणि तिला मात्र शनिवार-रविवारच्या मेळाव्याला जाता येत नाही. शनिवार-रविवार ही कल्पनाच पगारी नोकरीतून आलेली आहे. गोठ्याला आणि चुलीला आठवडाअखेर नसते. अमेरिकेतील चाहत्यांवर १९९२ साली दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले, हेन्री जेन्किन्स यांचा आणि कमील बेकन-स्मिथ यांचा. मालिकेच्या पात्रांना घेऊन नव्या कथा लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते, हे दोन्ही अभ्यासांतून पुढे येते. घरात बसवल्या गेलेल्या प्रेक्षकाने घराबाहेर पडण्यासाठी मालिकाच वापरली, असा त्याचा अर्थ लावता येईल. म्हणजे जुन्नर-आंबेगावात मेळावा का नाही या प्रश्नाचे 'येथे जमण्याच्या परंपरा जिवंत आहेत म्हणून' हे पहिले उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे असे : मालिकेचा जो खरा प्रेक्षक आहे, त्याला, किंवा तिला, कथनासाठी जमण्याची मुभा येथील परंपरेने क्वचितच दिली.

६

क्वचित असे म्हटले, कारण एक अपवाद आहे, आणि मला तो निर्णायक वाटतो. तो म्हणजे सप्ताहाची समाप्ती.

ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची. वारकरी संस्कार या भूमीत खोल मुरलेला आहे. सात दिवसांचा सप्ताह हेही एक क्रमशः चालणारे कथनच होय : रोज पारायणाचे ठरावीक अध्याय, रोज नवा कीर्तनकार, रोज आधीच्या दिवसावर चढणारा रंग. सातव्या दिवसानंतर ते नुसते थांबत नाही. त्याचा काला होतो. काल्याच्या कीर्तनात कृष्णाच्या बाललीला गायल्या जातात. गोकुळातल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कृष्णाने त्या एकत्र कालवल्या आणि सर्वांनी वाटून खाल्ल्या, ही त्यामागची कथा. मग दहीहंडी फुटते, लाह्यांचा प्रसाद वाटला जातो, पंगती उठतात आणि सप्ताह संपतो. या पंगतीत बायका असतात. कीर्तनाच्या मंडपातही त्या असतात.

मराठी संस्कृतीने कथनाच्या शेवटासाठी घडवलेला हा एक विधी आहे. फ्रँक कर्मोड यांनी १९६७ साली असे मांडले की, शेवटाची जाणीव कथनाला अर्थ देते. काला असे सुचवतो की, शेवट कथनात असून भागत नाही, तो ऐकणाऱ्यांमध्ये वाटला जावा लागतो. मालिकेला काला नसतो. आपल्याकडे मालिका बंद होते तेव्हा वृत्तपत्रे लिहितात, 'मालिका प्रेक्षकांचा निरोप घेणार'. ही शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. निरोप घेणारा पाहुणा असतो आणि निरोप देणारा यजमान. यजमानाने 'या पुन्हा' म्हटल्यावाचून निरोप पुरा होत नाही. येथे निरोप एकतर्फी घेतला जातो, देणाऱ्याला विचारले जात नाही, आणि ज्याने मालिका बंद केली तो तर वाक्यात कोठेच नसतो.

यजमानाने निरोप नाकारल्याचे एक उदाहरण आपल्या देशात घडलेले आहे. ३१ जुलै १९८८ रोजी दूरदर्शनवरील 'रामायण' ७८ भागांनंतर रामराज्याभिषेकाशी थांबले. ते तेथे थांबणार हे कळल्यावर जालंदरमधील सफाई कामगारांनी संप पुकारला. मालिकेत उत्तरकांड यावे अशी त्यांची मागणी होती. संप पसरला, शासनाला दखल घ्यावी लागली आणि पुढे लवकुशांच्या कथेची मालिका आली. पॉला रिचमन यांनी १९९१ मध्ये संपादित केलेल्या रामकथांवरील ग्रंथामुळे हा प्रसंग अभ्यासकांना परिचित आहे. या कामगारांपैकी अनेकांचे वाल्मीकींशी भक्तीचे नाते होते, आणि वाल्मीकी स्वतः पात्र म्हणून प्रामुख्याने येतात ते उत्तरकांडात. राज्याभिषेकाशी कथा थांबवणे म्हणजे त्यांच्या माणसाला कथेबाहेर ठेवणे होते. शेवट कोठे करायचा, हा प्रश्न कथा कोणाची या प्रश्नाचेच दुसरे रूप असतो, हे येथे लख्ख दिसते. न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी पत्रे लिहिली; जालंदरच्या प्रेक्षकांकडे झाडू होता आणि तो त्यांनी खाली ठेवला.

मराठीतील एक सौम्य उदाहरणही नोंदवावे. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली आली आणि कुडाळ तालुक्यातील आकेरी येथील ज्या घरात तिचे चित्रीकरण झाले ते घर पाहण्यासाठी लोक दुरून येऊ लागले. मालिकेचे दुसरे आणि तिसरे पर्व पुढे आले, पण त्यासाठी हे लोक थांबले नव्हते. तेथे कुटुंबे जात. बायका, मुले, म्हातारी माणसे. तो मेळावा नव्हता, कारण एक गट दुसऱ्या गटाला ओळखत नव्हता. ती एक प्रकारची यात्रा होती. पण ज्यांना शेवट वाटून घ्यायचा आहे ते जागा शोधतात, हे तिने दाखवले.

७

जेन्किन्स यांनी चाहत्यांच्या आस्वादासाठी मिशेल द सर्तो यांच्याकडून घेतलेली प्रतिमा चोरट्या शिकारीची आहे. मालकाच्या रानात शिरून हवे ते उचलून नेणारा प्रजाजन म्हणजे वाचक. ही प्रतिमा प्रभावी आहे आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडील सांस्कृतिक अभ्यासातही ती बरीच मिरवली. तिच्यात जमीनमालक आधीच पक्का धरलेला आहे. वाचक कितीही चपळ असला तरी तो चोरच ठरतो, आणि एकटाच असतो. काल्याच्या प्रतिमेतून पाहिले तर वेगळी बाजू दिसते. तेथे प्रत्येकजण आपली शिदोरी घेऊन येतो. न्यूयॉर्कला आलेल्यांपैकी कोणी शिवलेला वेष घेऊन आले, कोणी हाताने काढलेले चित्र, कोणी फक्त आठवण. मूळ संहिता त्या कालवण्यातील एक जिन्नस झाली. मेळाव्यातील माणसे काही उचलून नेत नव्हती, कालवीत होती.

ही प्रतिमा देशी आहे म्हणून स्वीकारावी, असे मी सुचवीत नाही. तिच्या मर्यादा स्पष्ट आहेत. काल्यात भेद नाही हे तत्त्व झाले. गावच्या पंगतीचा इतिहास त्या तत्त्वाला नेहमी धरून राहिलेला नाही. शिवाय हरिकथेला मालक नाही, मालिकेला आहे, आणि मालक कायद्याचा बडगा उगारू शकतो. तेथे चोरट्या शिकारीची प्रतिमाच अधिक खरी ठरते. तरीही एका बाबतीत काल्याची संकल्पना आपल्याला पुढे नेते. ती आस्वादाची समाप्ती ही सामूहिक गरज मानते आणि त्या गरजेला विधीचा दर्जा देते. संपलेल्या गोष्टीसाठी प्रौढ माणसांनी दोन दिवस जमणे हा पोरकटपणा आहे, असे तिच्या उजेडात म्हणता येत नाही.

आपल्या समीक्षेने तमाशाचा विचार केला तो मुख्यत्वे लावणी आणि वग यांच्या अंगाने, मालिकेचा केला तो बहुधा अभिरुचीच्या ऱ्हासाच्या अंगाने. दोन्हीकडे प्रेक्षक हा शब्द एकवचनी राहिला. प्रेक्षक कोठे बसला आहे, कोणाशेजारी बसला आहे, त्याला बसू कोणी दिले आणि उठवले कोणी, हे प्रश्न संहितेच्या बाहेरचे मानले गेले. जुन्नर-आंबेगावच्या दोन थांबण्यांनी ते संहितेच्या आत आणून ठेवले आहेत. विद्यापीठीय संशोधनाला येथे भरपूर काम आहे, आणि ते ग्रंथालयात बसून होणारे नाही.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात बंद पडलेल्या एका मालिकेवर चर्चा निघाली. एका विद्यार्थिनीने सांगितले की, तिची आजी अजूनही त्या वेळेला संच लावते आणि तेथे आता दुसरेच काही चालू असते. आजी ते पाहत नाही, समोर बसून शेजारणीला जुन्या मालिकेचे पुढे काय झाले असते ते सांगते. शेजारीण कधी तिला दुरुस्त करते, कधी नवे काही जोडते. दोघींनी मिळून त्या मालिकेची दोन लग्ने आणि एक बारसे उरकले आहे. काल्याला माणसे किती लागतात, असे मी वर्गाला विचारले. उत्तर त्याच मुलीने दिले : 'दोन पुरतात, मॅडम. शिदोरी हवी.'